दुबळा पण मजेचा डेक: डस्ट खर्चावी की राखावी?

पावसाळ्यात इथे गोव्यात फोंड्याला वीज गेली की आमच्या घरची सगळी माणसं सोप्यावर येऊन बसतात. अशाच एका संध्याकाळी भाच्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला. तो फर्मागुढीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि हार्थस्टोन हा पत्त्यांचा डिजिटल खेळ खेळायला लागून त्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. "मामा, हा डेक बनवू? जिंकत नाही म्हणतात, पण बघ ना, कसला भन्नाट आहे!"

डेकमधली, म्हणजे खेळायला रचलेल्या गड्डीतली, जी कार्डं त्याच्याकडे नव्हती ती बनवायला २८६० डस्ट (खेळातलं चलन) लागत होती. त्याच्याजवळ होती १९००. उरलेल्या ९६० साठी जवळची कोणकोणती कार्डं फोडायची तेही त्यानं ठरवून टाकलं होतं. फक्त बटण दाबायचं बाकी होतं.

मी त्याला हो म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. "वीज येईपर्यंत थांब, आपण बसून बघू," एवढंच म्हटलं. त्या रात्री आम्ही जे केलं ते इथे क्रमानं लिहितोय. नव्यानं खेळायला लागलेल्या प्रत्येकाला पहिल्या दोन-तीन महिन्यांत हा मोह होतो, आणि नेमकं तेव्हाच डस्ट सगळ्यांत कमी असते. दुबळा डेक बनवूच नये असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. माझ्या सगळ्यांत आनंदाच्या काही संध्याकाळी दुबळ्या डेकांनीच दिल्या आहेत. पण कोणता दुबळा डेक आपल्याला आनंद देईल हे डस्ट घालण्याआधी ओळखता येतं, आणि ते ओळखायलाच हवं.

आधी कामापुरते शब्द

हार्थस्टोन हा ब्लिझर्डचा २०१४ साली आलेला डिजिटल पत्त्यांचा खेळ. नेहमीचा डेक ३० कार्डांचा. एका नावाची जास्तीत जास्त दोन कार्डं घालता येतात, लेजंडरी, म्हणजे सगळ्यांत दुर्मीळ दर्जाचं, असेल तर एकच. दर टर्नला, म्हणजे आपल्या पाळीला, मॅना (कार्ड खेळायला लागणारी शक्ती) एकेकानं वाढत १० पर्यंत जातो. समोरच्या हीरोचे, म्हणजे त्या खेळाडूच्या पात्राचे, ३० हेल्थ संपवले की डाव आपला.

नको असलेलं कार्ड मोडलं की डस्ट मिळते (आम्ही आपसांत 'फोडणं' म्हणतो) आणि त्या डस्टमधून हवं ते कार्ड क्राफ्ट करता येतं. कार्डांचे चार दर्जे. क्राफ्ट करायला कॉमन ४०, रेअर १००, एपिक ४०० आणि लेजंडरी १६०० असा दर आहे. फोडताना त्याच क्रमानं ५, २०, १०० आणि ४०० परत मिळतात. हे आठ आकडे पाठ करा, पुढचा सगळा हिशोब यांच्यावरच चालतो. सोनेरी कार्डांचे दर वेगळे आणि जास्त असतात. नवख्यानं सोनेरी कार्ड क्राफ्ट करायच्या वाटेला जाऊच नये.

सध्या बहुतेक लोक ज्या डेकांनी खेळतात आणि जिंकतात, त्याला 'मेटा' म्हणतात. जिंकण्यापेक्षा गंमत घडवायला बांधलेल्या डेकला 'मीम डेक'.

पायरी १: मजा कितव्या टर्नला सुरू होते ते शोधा

एकच पायरी करायची असेल तर ही करा. दुबळ्या डेकचा व्हिडिओ बघताना आपण त्यातला सगळ्यांत धमाल मिनिट बघतो. तो मिनिट डावात कधी येतो, त्याआधी काय काय घडावं लागतं आणि तो आलाच नाही तर उरलेल्या डावात आपण काय करत असतो, हे व्हिडिओत दिसत नाही.

भाच्याला हवा होता शडरवॉकचा डेक. शडरवॉक म्हणजे शामन क्लासचं (क्लास म्हणजे हीरोचा प्रकार, प्रत्येकाची कार्डं वेगळी) लेजंडरी कार्ड, एप्रिल २०१८ च्या 'द विचवुड' संचातलं. ९ मॅनाचं ६/६ (हल्ला ६, हेल्थ ६) राक्षस. तुम्ही डावात आधी खेळलेल्या बाकी सगळ्या कार्डांचे बॅटलक्राय (हातातून खेळताना कार्ड जे घडवतं ते) तो एकामागून एक पुन्हा करतो. त्या काळी याचा जोरदार डेक होता. भाच्यानं पाहिलेला मात्र त्याचा सावकाश, मौजेचा अवतार होता. चित्रविचित्र बॅटलक्राय साठवत जायचे आणि शेवटी सगळ्यांचा एकदम भडिमार करायचा. बघायला खरंच सुंदर! पण मजा सुरू होते ९ व्या टर्नला. तोवर आठ टर्न फक्त मार खात टिकायचं, आणि नंतर ते एकुलतं एक कार्ड हातात यायला हवं.

याच्या उलट टोकाला 'रिनाउन्स डार्कनेस'. हे वॉरलॉक क्लासचं एपिक, एप्रिल २०१६ च्या 'व्हिस्पर्स ऑफ द ओल्ड गॉड्स' संचातलं. मॅना फक्त २. खेळलं की तुमची हीरो पॉवर (हीरोची स्वतःची ताकद) आणि वॉरलॉकची सगळी कार्डं दुसऱ्याच कुठल्या तरी क्लासची होऊन जातात, आणि ती एकेक मॅनानं स्वस्त होतात. आपण पुढे कोण होणार हे आपल्यालाही माहीत नसतं. जिंकायच्या दृष्टीनं अगदी दुबळा डेक. पण मजा दुसऱ्या टर्नलाच सुरू होऊ शकते आणि हरेपर्यंत टिकते, कारण पुढचं प्रत्येक कार्ड अनोळखी असतं.

म्हणून वहीत दोन ओळी लिहा. 'माझी मजा ___ व्या टर्नला सुरू होते.' 'ती यायला ___ कार्डं हातात असावी लागतात.' पहिला आकडा मोठा आणि दुसराही मोठा असेल तर तुम्ही बराचसा वेळ त्या मजेची वाट बघण्यात घालवणार आहात. वाट बघणंही काही जणांना आवडतं. सावकाश टिकून राहायचे डेक मनापासून आवडणारा एक मित्र मला आहे, त्याला शडरवॉकच्या आधीचे आठ टर्नच जास्त भावतात. पण तसे आपण आहोत का, ते स्वतःला विचारायला हवं.

आणखी एक गोष्ट तपासा: हरलेल्या डावातही मजा उरते का? जो डेक हरताना नुसता गुदमरवतो तो पाच-सहा डावांनंतर आपण उघडत नाही. जो हरतानाही काही तरी दाखवून जातो तो महिनोन्‌महिने टिकतो. दुबळा डेक जास्त वेळा हरणारच, म्हणून त्याचं हरणं कसं आहे हे त्याच्या जिंकण्याइतकंच बारकाईनं बघा.

पायरी २: घरातला पत्त्यांचा जोड काढा

चवथीच्या रात्री बदाम सात खेळायला जो जोड लागतो तोच. त्यातले कुठलेही ३० पत्ते मोजून घ्या. इस्पिकचा एक्का त्यात हवाच, ते तुमचं मुख्य कार्ड.

पिसा. तीन पत्ते उचला. एक्का आला तर ठेवा. नाही आला तर तिन्ही बाजूला काढा, नवे तीन उचला, मग आधीचे तीन गड्डीत मिसळून पुन्हा पिसा. खेळात सुरुवातीला कार्डं बदलायची संधी मिळते ती नेमकी अशीच. त्यानंतर दर टर्नला एकेक पत्ता उचलत जा आणि एक्का कितव्या टर्नला आला ते वहीत मांडा. असं वीस वेळा करा. पाऊण तास पुरतो.

आम्ही मेणबत्तीच्या उजेडात हे केलं. भाच्याची आई आधी हसली, मग तीच पत्ते पिसायला बसली. कागदावर गणित करायचं तर उत्तर असं येतं: पहिली खेळी आपली असेल आणि तिन्ही पत्ते बदलले असतील, तर एकुलतं एक कार्ड ७ व्या टर्नपर्यंत हातात येण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के, ९ व्या टर्नपर्यंत सुमारे ४७ टक्के, १० व्या टर्नपर्यंत जवळजवळ ५० टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त डावांत शडरवॉक वेळेवर येतच नाही, आणि आला तरी तोवर आपण जिवंत असायला हवं. दुसरी खेळी आपली असली तर सुरुवातीला चार पत्ते मिळतात, म्हणून आकडा थोडा सुधारतो, पण चित्र बदलत नाही.

आता तीसमध्ये दोन एक्के ठेवून बघा, रिनाउन्स डार्कनेसची दोन कार्डं असल्यासारखे. दोनांपैकी निदान एक दुसऱ्या टर्नपर्यंत येण्याची शक्यता सुमारे ४६ टक्के आणि चौथ्या टर्नपर्यंत ५४ टक्के. दोन कार्डं घालता येणारा एपिक आणि एकच घालता येणारी लेजंडरी यांच्यातला फरक मी भाच्याला आधी तोंडानं सांगून पाहिला होता. त्याला तो कळला पत्ते उचलताना, सलग सहा वेळा एक्का आला नाही तेव्हा.

दोन वेगवेगळी एकेकटी कार्डं एकत्र लागणारा कॉम्बो असेल तर दोन वेगळे पत्ते ठरवा आणि दोन्ही आल्यावरच टर्न मांडा. १० व्या टर्नपर्यंतसुद्धा हे साधारण चौथ्या हिश्श्याच्या डावांतच जमतं. पत्ते ओढून देणारी कार्डं डेकमध्ये असतील तर आकडा वाढतो. ती किती आहेत ते मोजा आणि प्रत्येकाच्या वेळी एक जास्तीचा पत्ता उचला.

पायरी ३: आधी उसना, नाहीतर आधी स्वस्तातला

मित्राकडे तो डेक असेल तर फ्रेंडली चॅलेंजमध्ये तो उसना घेऊन खेळता येतो. याइतकी चांगली परीक्षा नाही. दहा डाव खेळा. मोठा कॉम्बो जमला का, हे सोडून द्या. दहावा डाव संपल्यावर अकरावा खेळावासा वाटला का, ते बघा.

उसना मिळाला नाही तर डेकचा कोड (डेकची यादी साठवलेली अक्षरांची ओळ) खेळात चिकटवा. कोणती कार्डं कमी आहेत ते दिसेल. मग विचार करा, यातली किती कार्डं डेकचा जीव आहेत आणि किती नुसती भर आहेत? जीव असलेली बहुतेक वेळा दोन-तीनच असतात. भरीच्या जागी आपल्याकडची कार्डं घाला. कोअर संच प्रत्येकाला मोफत मिळतो, ती कार्डं फोडता येत नाहीत पण वापरता येतात. दुबळाच डेक आहे, त्यात भरीचं एपिक न घालता साधं कॉमन घातलं तर फारसं काही बिघडत नाही. व्हिडिओतल्या डेकची हुबेहूब नक्कल करायला जाऊन नवखे सर्वांत जास्त डस्ट इथे घालवतात.

रिनाउन्स डार्कनेसच्या बाबतीत तर वॉरलॉकची कार्डं कशी आहेत याला फारसं महत्त्वच उरत नाही, कारण ती बदलून जाणार असतात. कोअरमधली मोफत वॉरलॉक कार्डं भरली की क्राफ्ट करायला उरतात फक्त ते दोन एपिक. ८०० डस्ट.

पायरी ४: डस्टचा खरा हिशोब

हा भाग मी भाच्याकडून त्याच्याच हातानं लिहून घेतला.

त्याला लागत होती १ लेजंडरी (१६००), २ एपिक (८००), ३ रेअर (३००) आणि ४ कॉमन (१६०). एकूण २८६०. कमी पडणाऱ्या ९६० साठी तो दोन लेजंडरी, एक एपिक आणि तीन रेअर फोडणार होता. ८०० अधिक १०० अधिक ६०, बरोबर ९६०.

"हीच फोडलेली कार्डं उद्या परत हवी झाली तर किती लागेल?" मी विचारलं. त्यानं लिहिलं: ३२०० अधिक ४०० अधिक ३००. म्हणजे ३९००. जवळची १९०० आणि ही ३९०० मिळून ५८००. २८६० च्या डेकसाठी तो ५८०० चं सामान पणाला लावत होता. ते पाहून तो बराच वेळ गप्प राहिला.

डस्ट येते किती सावकाश, हेही बघू. एका पॅकमध्ये, म्हणजे कार्डांच्या बंद पाकिटात, पाच कार्डं, त्यात निदान एक रेअर किंवा वरचं. पॅकला १०० गोल्ड (खेळून मिळणारी नाणी). सगळ्यांत वाईट पॅक, म्हणजे चार कॉमन आणि एक रेअर, पूर्ण फोडला तर ४० डस्ट. अशा ४० पॅकांतून एक लेजंडरी. बरेच पॅक याहून बरे निघतात हे खरं, पण त्यातलं सगळंच कुणी फोडत नाही.

यातून माझा एक नियम आहे आणि मी तो सोडत नाही: मजेच्या डेकसाठी कार्डं फोडायची नाहीत. साठलेली डस्ट खर्चा, गोल्डचे पॅक उघडा, वाट बघा, पण संग्रहातलं वापरातलं काही मोडू नका. जास्तीची, तिसरी-चौथी प्रत असेल तर ती खुशाल फोडा. मी स्वतः एकदा न खेळणाऱ्या क्लासच्या दोन लेजंडरी फोडल्या होत्या. हा क्लास आपण कधीच खेळणार नाही असं तेव्हा मनापासून वाटत होतं. पुढच्याच संचात त्या क्लासला बळ आलं, सगळ्या मित्रांनी तो डेक बांधला, आणि मी सबंध हंगाम त्या दोन कार्डांवाचून काढला. ज्या मजेच्या डेकसाठी फोडलं तो मी आठ-नऊ वेळा खेळलो असेन.

हिशोबाचा दुसरा भाग म्हणजे एका डावामागे किती डस्ट पडते. क्राफ्टची किंमत घ्या, पुढे फोडल्यावर परत मिळेल ती वजा करा, आणि आपण खरोखर किती डाव खेळू त्या संख्येनं भागा. रिनाउन्स डार्कनेस: ८०० लागले, २०० परत, ६०० बुडाले. ६० डाव खेळलो तर डावाला १० डस्ट. मला हे चालतं, १० हा माझा स्वतःचा आकडा आहे. भाच्याचा शडरवॉक: २८६० लागले, फोडल्यावर ६८० परत, २१८० बुडाले. डावाला १० डस्ट पडायची तर २१८ डाव खेळावे लागतील. दहा मिनिटांचा एक डाव धरला तरी छत्तीस तास. एकाच मौजेच्या डेकवर छत्तीस तास घालवणारे असतात. तुम्ही तसे आहात का, हे पायरी १ ची वही उघडून बघा.

पायरी ५: कार्ड किती दिवस जगणार?

रँकमध्ये, म्हणजे क्रमवारीच्या डावांत, दोन मोठे प्रकार: स्टँडर्ड आणि वाइल्ड. २०१६ पासून ही विभागणी आहे. स्टँडर्डमध्ये चालू आणि मागच्या वर्षाचे संच चालतात, वाइल्डमध्ये जवळजवळ सगळे. वर्षाला तीन मोठे संच येतात आणि वर्षातून एकदा जुनं वर्ष स्टँडर्डबाहेर जातं. त्यामुळे वर्षातला पहिला संच स्टँडर्डमध्ये सुमारे दोन वर्षं राहतो आणि तिसरा सुमारे १६ महिने. वर्ष फिरायच्या आधी दोन महिने जाणाऱ्या संचातलं लेजंडरी क्राफ्ट करणं म्हणजे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आकाशकंदील विकत घेणं. वाइल्ड खेळणार असाल तर मात्र ही चिंता नाही. मौजेच्या डेकांचं खरं घर वाइल्डच आहे.

तेच कार्ड दुसऱ्या एखाद्या डेकमध्ये बसतं का तेही बघा. कुठल्याही क्लासला चालणारं न्यूट्रल लेजंडरी असेल तर माझा हात लवकर मोकळा होतो, कारण डेक फसला तरी कार्ड उरतं. एकाच डेकपलीकडे जगात कुठेच जागा नसलेल्या कार्डासाठी मी दुप्पट विचार करतो.

एक दिलासा आहे. ब्लिझर्डनं एखादं कार्ड कमजोर केलं, म्हणजे नर्फ केलं, तर काही दिवस ते फोडल्यावर क्राफ्टची पूर्ण डस्ट परत मिळते. 'योग-सॅरॉन, होप्स एन्ड' आठवा: १० मॅनाचं ७/५ लेजंडरी, तुम्ही डावात जितके स्पेल (जादूची कार्डं) टाकले तितके कुठलेही स्पेल ते आपोआप, कुणावरही टाकतं. निव्वळ धमाल म्हणून लोकांनी हातात घेतलं आणि पुढे मोठ्या स्पर्धांत दिसू लागलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याला नर्फ केलं: योग मैदानावरून गेला की स्पेल थांबतात. ज्यांच्याकडे ते होतं त्यांना पूर्ण परतावा घेता आला. पण दुबळ्या कार्डांना नर्फ सहसा होत नाही, म्हणून मौजेच्या डेकमध्ये या परताव्यावर भिस्त ठेवू नका.

पायरी ६: आधी एक कामाचा डेक

हे पटकन सांगतो. गोल्ड आणि पॅक खेळून मिळतात, आणि काही क्वेस्ट (खेळानं नेमून दिलेली कामं) जिंकायलाच सांगतात. तुमच्याकडे बऱ्यापैकी जिंकणारा एकही डेक नसेल तर मौजेचा डेक पुढच्या पॅकांची वाट अडवतो. नव्या खेळाडूला खेळाकडून काही डेकांतला एक मिळतो, त्यातला आपल्याला जुळणारा निवडा, तो थोडा सुधारा आणि महिनाभर त्यावर हात बसवा. मग मौजेकडे वळा. फक्त मित्रांशी, सुट्टीत, कधीतरीच खेळणार असाल तर ही पायरी सरळ ओलांडा. तुम्हाला रँक नको आणि क्वेस्टची घाईही नको.

पायरी ७: कुठे खेळणार ते ठरवा

एकच डेक एका ठिकाणी छळतो आणि दुसऱ्या ठिकाणी फुलतो.

कॅज्युअलमध्ये, म्हणजे क्रमवारी नसलेल्या डावांत, समोरचा खेळाडू तुमच्या अलीकडच्या जय-पराजयावरून निवडला जातो. दुबळ्या डेकनं थोडे डाव हरलात की हळूहळू तुमच्या बेताचे विरोधक येऊ लागतात. म्हणून पहिल्या आठ-दहा डावांवरून डेकला नावं ठेवू नका.

रँकमध्ये ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड असे पाच टप्पे, प्रत्येकात १० पासून १ पर्यंत पायऱ्या आणि त्यांच्या वर लेजंड. प्रत्येक टप्प्यात १० आणि ५ या पायऱ्यांवर 'फ्लोअर' असतो, एकदा तिथे पोचलात की त्या हंगामात खाली घसरत नाही. मौजेचा डेक खेळायची उत्तम जागा हीच. कामाच्या डेकनं गोल्ड ५ ला पोचा, मग मनसोक्त रिनाउन्स डार्कनेस खेळा. हरलात तरी गोल्ड ५ च. हंगाम महिन्याचा असतो, त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी बहुतेक हेच करतो.

आणि मित्र. मला विचाराल तर मौजेचा डेक खरा रंगतो तो एका खोलीत, मोबाईलवर मोबाईल टेकवून. समोरच्याचा चेहरा दिसतो, शडरवॉकचे बॅटलक्राय एकामागून एक सुटायला लागले की दोघंही ओरडतात. तुमच्या मित्रमंडळींत दोघे-तिघे खेळणारे असतील तर मौजेच्या डेकची किंमत माझ्या लेखी निम्मी होते.

नुसती हौस असेल तर

काही वेळा डेक खेळायचाच नसतो, ते कार्ड आपल्याकडे असावं एवढंच वाटत असतं. त्याचं चित्र, त्याचा आवाज, मैदानावर उतरतानाचा त्याचा थाट. यात गैर काही नाही. आपल्या शेजारी सावंतवाडीला हातानं रंगवलेल्या गंजिफा मिळतात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे बारा-बारा असे १२० गोल पत्ते. घेणाऱ्यांतले किती जण त्या खेळतात? लोक त्या बघतात, हातात धरतात, पाहुण्यांना दाखवतात. डिजिटल कार्डाचीही अशी हौस असू शकते. फक्त स्वतःशी स्पष्ट असा: ही हौस आहे, डेक नव्हे. मग ते एकच कार्ड क्राफ्ट करा, त्याच्याभोवतीची बाकी नऊ करू नका.

दुसरा खेळ खेळत असाल तर नियम तपासा. मॅजिक अरेनामध्ये डस्ट नाहीच, तिथे वाइल्डकार्ड असतात. हव्या त्या कार्डासाठी त्याच दर्जाचं वाइल्डकार्ड मोडायचं, आणि ते कार्ड फोडून काहीही परत मिळत नाही. शिवाय डेक ६० चा आणि एका कार्डाच्या चार प्रती चालतात, म्हणून एका मौजेच्या कार्डामागे चार रेअर वाइल्डकार्डं जाऊ शकतात. तिथे मी पायरी २ आणि ३ वर दुप्पट वेळ घालवेन.

पैशांबद्दल एवढंच. मौजेच्या डेकसाठी खिशातले पैसे घालून पॅक घेऊ नका, आणि फोनला आई-बाबांचं कार्ड जोडलेलं असेल तर त्यांना न विचारता मुळीच नको. हवी ती लेजंडरी पॅकमधून निघेलच असं नसतं, आणि डस्टच्या वाटेनं ती किती दूर असते ते वर पाहिलंच.

मग मी हो कधी म्हणतो?

माझ्या अनुभवात 'हो' अशा वेळी येतो: मजा चौथ्या-पाचव्या टर्नच्या आत सुरू होते, काहीही फोडावं लागत नाही, उसना किंवा स्वस्तातला डेक खेळून अकरावा डाव खेळावासा वाटलेला असतो. ही तिन्ही जुळली तर मी एका मिनिटात क्राफ्ट करतो आणि मागे वळून बघत नाही. दोन जुळली तर आठवडाभर थांबतो. आठवड्यानंतरही त्या डेकचा विचार डोक्यात असेल तर करतो, कारण इतके दिवस टिकलेली इच्छा बहुतेक खरी असते. एकच जुळलं तर डस्ट राखतो.

भाच्याच्या शडरवॉकला तिन्हींतलं एकही जुळत नव्हतं. पण रात्री साडेदहाला वीज आली तेव्हा त्यानं फोन चार्जिंगला लावला आणि पहिलं काम केलं ते रिनाउन्स डार्कनेसची दोन कार्डं क्राफ्ट करायचं. ८०० गेले, ११०० उरले, फुटलं काहीच नाही. चवथीला माटोळीखाली (गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या आराशीखाली) आरती आटोपल्यावर आम्ही चार डाव खेळलो. त्यातल्या एका डावात तो दुसऱ्याच टर्नला वॉरलॉकचा हंटर झाला, पुढे काय करायचं ते दोघांनाही कळेना, आणि तरी जिंकला. शडरवॉक अजून त्याच्या मनात आहे. त्यासाठी आणखी ५०० हवेत. रोज क्वेस्ट करून तो डस्ट साठवतोय, आणि वीस डावांची ती वही सोप्यावरच्या बाकड्यावर अजून तशीच पडलेली आहे.